नावापुरती उमेदवार

निकाल वाचला गेला तेव्हा नोरीन ऑकरॉइड चहाच्या टेबलामागे उभी होती आणि तिच्या हातात दुधाचं भांडं होतं.

ब्रॅकर्बीच्या क्रीडागृहात शुक्रवारी सकाळपासून मतमोजणी चालली होती. बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर लांबच लांब टेबलं, टेबलांमागे मोजणारे, त्यांच्यापुढे दोरी, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ओणवी झालेली सगळ्या पक्षांची माणसं. नोरीन दर निवडणुकीला इथं यायची ती चहा करायला. मतपत्रिकेवर तिचं नाव असायचं हे खरं, पण ते नावापुरतं. हायक्रॉफ्ट प्रभाग म्हणजे टेकडीवरचे बंगले, कातरलेली हिरवळ, दारात दोन-दोन गाड्या. तिथं तिच्या पक्षाला कधी कुणी विचारलं नव्हतं. पण मतपत्रिकेवर पक्षाचा उमेदवारच नाही म्हणजे गावात नाक कापल्यासारखं. म्हणून कुणीतरी उभं राहायचं, पडायचं आणि घरी जायचं. सोळा वर्षांपूर्वी ट्रेव्हर लम तिच्याकडून केस कापून घेता घेता म्हणाला होता, "नुसतं नाव दे गं, नोरीन. निवडून येशील ही भीती तर अजिबात नाही." ती हसली होती. आरशात तोही हसला होता. ट्रेव्हर पक्षाच्या निवडणुकांची सगळी सूत्रं सांभाळायचा आणि त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. ही तिची पाचवी खेप.

आडनावाच्या अक्षरक्रमामुळे तिचं नाव नेहमी सगळ्यांत आधी वाचलं जायचं आणि मतं नेहमी सगळ्यांत कमी असायची. आज निवडणूक अधिकारी बाईंनी तिचं नाव वाचलं, आकडा वाचला, मग दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचा आकडा वाचला, आणि दोरीवर ओणवी झालेली माणसं सरळ उभी राहिली. दुसरा आकडा लहान होता. एकोणीस मतांनी लहान.

"दूध सांडतंय बाई तुझं," कुणीतरी म्हणालं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्यालाही कारण होतं. अर्ध्या तासापूर्वीच पक्षाचा गावातला पुढारी, अकरा वर्षं नगरपालिका चालवणारा डेस्मंड पिकर्सगिल, स्वतःच्या मिलगेट प्रभागात पडला होता. मिलगेटमध्ये! जिथं पक्षाने दगड उभा केला तरी निवडून यावा, तिथं. आणि पाडला कुणी, तर मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानवाल्याने. त्याला ना पक्ष ना पत्रकं, फक्त बाजारातल्या पार्किंगच्या दराचा राग. बाकी गावात मात्र पक्षाला बहुमत मिळालं होतं. समोरच्या पक्षाने ऐन प्रचारात लंडनमधला आपला पुढारी बदलला होता, आणि नवा तरी उन्हाळाभर टिकतो का यावर दारूच्या गुत्त्यात पैजा लागत होत्या. त्यांचे मतदार शरमेने घरीच बसले. "लाट आहे, लाट," म्हणत सगळे सकाळपासून एकमेकांच्या पाठी थोपटत होते. लाटेने नेमकं डेस्मंडला तेवढं बुडवलं.

निवडून आलेल्यांनी पद स्वीकारल्याची सही करायची असते. त्याचं टेबल दाराजवळ होतं. ती सही होईपर्यंत निवडून आलेलं माणूस कुणीच नसतं. त्याला सभेत बसता येत नाही, बोलता येत नाही, मत देता येत नाही. नोरीन ॲप्रनला हात पुसत तिकडे निघाली. छातीवर उमेदवार लावतात ते फितीचं फूलसुद्धा नव्हतं. तिचं गेल्या खेपेचं फूल कुठल्याशा खणात पडलं होतं. अर्ध्या वाटेत ट्रेव्हरने तिला कोपराला धरलं, म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा तसं.

"आत्ता नको, राणी."

"काय नको?"

"सही. घाई काय आहे? दोन महिने मुदत असते. डेस्मंडला जरा सावरू दे. तो तुला भेटेल."

नोरीनने टेबलाकडे पाहिलं. तिथं कॅनॉल प्रभागाचा टेड सही करत होता आणि त्याची बायको त्याचा फोटो काढत होती. "बरं," ती म्हणाली, आणि परत येऊन कप विसळायला लागली. विसळता विसळता तिच्या लक्षात आलं की निकाल लागल्यापासून पक्षाच्या एकाही माणसाने तिचं अभिनंदन केलेलं नाही. समोरच्या पक्षाच्या पडलेल्या उमेदवाराने तेवढं केलं होतं; येऊन हात हातात घेतला होता आणि वर चहाही मागितला होता.

*

शनिवारी दुपारी दुकान बंद करायच्या वेळेला डेस्मंड आला. दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक आरसा, केस धुवायचं एक भांडं. त्याच्या हातात पेट्रोलपंपावरून घेतलेली कार्नेशनची फुलं होती. किमतीची चिठ्ठी तशीच होती.

"बस," नोरीन म्हणाली. "केस वाढलेत तुझे."

"आज केसांसाठी नाही आलो. कशासाठी आलोय ते तुला ठाऊकच असेल."

"नाही बा."

"ट्रेव्हर बोलला नाही?"

"ट्रेव्हर म्हणाला, सही करू नको. का, ते नाही म्हणाला."

डेस्मंड ग्राहकाच्या खुर्चीत बसला, म्हणून नोरीनला त्याच्या मागे उभं राहावं लागलं, आणि सगळं बोलणं आरशातून झालं. एका रात्रीत तो म्हातारा झाला होता. तिला वाईट वाटलं. अकरा वर्षं हा माणूस पहाटे उठून टाउन हॉलमध्ये जात होता. बायको गेल्यावर तर तेच त्याचं घर झालं होतं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "तू सही केलेली नाहीस. तेव्हा पळाली असं कुणी म्हणणार नाही. प्रकृतीमुळे जमणार नाही असं कळवायचं. पोटनिवडणूक लागेल. लाट ओसरायच्या आत मी हायक्रॉफ्टमधून उभा राहतो. तोवर वेंडी खुर्ची सांभाळेल."

वेंडी स्किल्बेक उपनेती होती. ती अकरा वर्षं काही ना काही सांभाळतच आली होती. बहुतेक वेळा डेस्मंडची छत्री.

"माझी प्रकृती ठणठणीत आहे, डेस्मंड."

"तुझे गुडघे?"

"गुडघे तुझीच पत्रकं वाटून गेलेत."

तो मनापासून हसला. त्याला वाटलं, ती गंमत करते आहे. ती करतही होती, निदान अर्धी.

"पण माझीच जागा का?" तिने विचारलं. "टेडला सांग की. तो सभेत घोरतो. गेल्या खेपेला महापौरांच्या भाषणात घोरला, पेपरात आलं होतं."

"टेडने ती जागा कमावलीय, नोरीन."

डेस्मंडला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. त्याने खुर्चीच्या हातावर थोपटलं आणि अगदी प्रेमाने पुढे म्हणाला, "तूच म्हणतेस ना नेहमी, मी आपली नावापुरती? पक्षाला असल्याच माणसांचा आधार. आणि हे बघ, मतं काय तुला किंवा मला थोडीच पडतात. लाट असते. सोमवारी बैठकीत तुझा नीट सत्कार करू."

ती काही बोलली नाही. हीच तिची चूक झाली. त्या पक्षात बैठक कशी चालायची, तर अध्यक्ष विचारायचा, "कुणाची हरकत?" आणि कुणी तोंड उघडलं नाही की ठराव मंजूर. वर्षानुवर्षं तसंच चालत आल्यामुळे त्या सगळ्यांना गप्प बसलेलं माणूस म्हणजे होकार देणारं माणूस असंच वाटायचं. डेस्मंडने उठून तिच्या गालाला गाल लावला. "मला माहीतच होतं," तो म्हणाला आणि गेला.

नोरीनने फुलं केस धुवायच्या भांड्यात टाकली. पाणी सोडलं. मग तिला दिसलं की आपण गरम पाण्याचा नळ सोडलाय, आणि तिने तो बंद केला नाही. फुलं माना टाकेपर्यंत ती बघत उभी राहिली.

कमावलीय म्हणे.

*

नकाशात हायक्रॉफ्ट प्रभाग टेकडीवर संपत नाही. मागच्या उतारावर लो फोल्ड आहे: नगरपालिकेच्या घरांच्या तीन इमारती, एक बंद दुकान, एक धुलाईखोली. बंगलेवाल्यांना ते आपल्यात धरायचं नसे आणि पक्षाच्या ते ध्यानातच नसे. पूर्वी सोळा नंबरची बस तिथवर जायची. पाच वर्षांपूर्वी डेस्मंडच्या नगरपालिकेने तिचं अनुदान बंद केलं आणि बस टेकडीच्या वरच्या वळणावरूनच परत फिरायला लागली. नोरीन तेव्हा कुरकुरली होती. डेस्मंड म्हणाला होता, "लो फोल्डमध्ये मतं नाहीत, नोरीन. नुसते जिने आहेत."

बस गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या तिच्या दुकानात यायच्या थांबल्या. मग नोरीनच जायला लागली. दर रविवारी पिशवीत रोलर, कंगवे, केस वाळवायचं यंत्र, आणि निवडणूक जवळ आली की पत्रकं आणि एक लाकडी डाव. डाव कशाला, तर दारातल्या पत्रपेटीच्या फटीतून पत्रक आत ढकलायला. एका बंगल्यातल्या कुत्र्याने तिच्या डाव्या तर्जनीचं टोक चावून तोडलं होतं, तेव्हापासून ती स्वतःचा हात कुणाच्या दारात घालत नसे. लो फोल्डमध्ये मात्र डाव लागायचाच नाही. तिथं दारंच उघडायची.

तिसऱ्या मजल्यावर मिसेस एडना इंगलबी राहायच्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, केस कापसासारखे, जीभ वस्तऱ्यासारखी. त्या रविवारी नोरीन त्यांच्या डोक्याला रोलर लावत होती आणि त्यांची मान सारखी मागे वळत होती.

"सरळ बसा हो."

"नगरसेविकेने केस वळवून दिलेत असं लोकांना सांगणारे मी. शुक्रवारपासून सांगतेच आहे."

नोरीनच्या हातातला रोलर थबकला. मग तिने सांगून टाकलं. डेस्मंड, फुलं, प्रकृती, पोटनिवडणूक. सांगताना ती अधूनमधून हसत होती, दुसऱ्याच कुणाची फजिती सांगावी तशी.

मिसेस इंगलबी हसल्या नाहीत. "आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"म्हणजे हो म्हणालीस."

"तसं नाही... पक्षाला गरज आहे. त्याच्याकडे दुसरं आहे काय? आणि मी तरी काय हो, मी आपली—"

"'नावापुरती' म्हणालीस तर हा रोलर तुझ्या नाकात घालीन," मिसेस इंगलबी म्हणाल्या. त्या खुर्चीत पूर्ण वळल्या. अर्ध्या डोक्याला रोलर, अर्धे केस मोकळे. "गुरुवारी मी कशी उतरले ठाऊक आहे? लिफ्ट बंद. मी पायरीवर बसले, मग खालच्या पायरीवर बसले, मग तिच्या खालच्या. लहान पोरं उतरतात ना, तशी. तिन्ही जिने. खाली धुलाईखोलीत मतदान होतं. माझ्या मागे खालच्या मजल्यावरची डोरा, तिच्यामागे तो दम्याचा माणूस. तिथं बसलेली पोरगी म्हणाली, आज इकडे लग्न आहे का? आम्ही कुणासाठी उतरलो गं? त्या डेस्मंडसाठी? तो इथं दारात आला तर मी त्याला मीटर वाचणारा समजेन."

"बसचं तो करेल. मी सांगेन त्याला."

"बस बंद कुणी केली?"

नोरीन पिशवीत कंगवा शोधायला लागली.

"तू या खोलीत, याच खुर्चीमागे उभी राहून मला म्हणालीस, मी आले तर बस परत आणीन. मी विचारलं, नक्की? तू म्हणालीस, नक्की. तेव्हा तुला वाटलं होतं, मी कुठली निवडून येतेय, बोलायला काय जातंय. असंच ना?"

हे इतकं खरं होतं की नोरीनच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तिने शब्द दिला होता तो पडणाऱ्याच्या थाटात. पडणाऱ्याला शब्द पाळावे लागत नाहीत. पाच निवडणुका तिने त्या सोयीत काढल्या होत्या.

"मी पक्षाला मत नाही दिलं, बाळ," मिसेस इंगलबी पुढे वळत म्हणाल्या. "पक्षाला द्यायला मी एक पायरी उतरले नसते. लाव आता उरलेले. आणि इतके घट्ट नको, डोकं माझं आहे."

पण नोरीनचे हात ऐकेनात. तिला पहिल्यांदाच कळत होतं की कालपासून छातीत जे दुखतंय ते वाईट वाटणं नाही. तो राग आहे. आणि तो काही कालचा नाही. बोट चावलं तेव्हाचा आहे. दवाखान्यातून पट्टी बांधून आल्यावर ट्रेव्हरने विचारलं होतं, "पत्रकं संपली ना पण?" तेव्हाचा.

*

सोमवारची बैठक टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. निवडणुकीनंतर गटातल्या नगरसेवकांनी जमायचं आणि आपला नेता निवडायचा, अशी रीत. डेस्मंड आता नगरसेवक नव्हता, तरी तो खुर्चीत अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसला होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अध्यक्षस्थानी वेंडी. टेबलावर डुकराच्या मांसाची पेस्ट्री, कापून ठेवलेली, बिस्किटं, कप, किटली. चहा मात्र कुणी केला नव्हता. नोरीन आत आली तशी दोघं-तिघं तिच्याकडे आणि मग किटलीकडे आशेने बघायला लागले.

नोरीन बसली. पिशवी मांडीवर धरून बसली.

ट्रेव्हर उभा राहिला. "पहिला विषय आनंदाचा," तो म्हणाला. "आपल्या नोरीनने पुन्हा एकदा पक्षासाठी—" आणि त्याने टेबलाखालून पुष्पगुच्छ काढला. या वेळी फुलवाल्याकडचा होता. टाळ्या झाल्या. शुक्रवारी ज्यांनी टाळी वाजवली नव्हती ते सगळे वाजवत होते. टेड जागा होऊन वाजवत होता.

"हायक्रॉफ्टची जागा रिकामी होईल," ट्रेव्हर म्हणाला, "आणि डेस्मंड—"

"कुणी सांगितलं?" नोरीनने विचारलं.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

"काय, राणी?"

"जागा रिकामी होणार, हे कुणी सांगितलं?"

डेस्मंड हसून म्हणाला, "आपलं शनिवारी बोलणं झालं ना."

"तू बोललास. मी ऐकत होते."

"नोरीन, इथं नको. आपण बाहेर—"

"इथंच. सोळा वर्षं बाहेरच बोलतेय मी, दारादारात." तिचा आवाज चढला आणि तो खाली आणायचं तिला सुचेना. "मतं लाटेने आली म्हणालास. ट्रेव्हर, मतपेट्या उघडल्या तेव्हा दोरीपाशी कोण उभं होतं?"

प्रत्येक पक्षाचा एक जण मोजणीच्या आधी, पेटीतून मतपत्रिका उलगडल्या जातात तेव्हा, बघत उभा राहतो आणि कुठल्या वस्तीची मतं कुणाला गेली याच्या खुणा करतो. ट्रेव्हर त्यात वाकबगार होता. आता तो पुष्पगुच्छाकडे बघत होता.

"ट्रेव्हर. बंगल्यांच्या पेट्यांत मला किती मतं होती?"

"तसं एकदम कसं सांगता येईल..."

"नेहमीइतकीच होती ना? लाट आली असती तर तिथं आली असती. तिथं ते लोक फक्त घरी बसले. आणि लो फोल्डची पेटी?"

ट्रेव्हरने डेस्मंडकडे पाहिलं. मग वेंडीकडे. शेवटी कुणीच मदतीला येईना तेव्हा तो पुटपुटला, "ती पेटी तिचीच होती. जवळजवळ सगळी."

"शुक्रवारीच ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आणि तरी मला टेबलापासून मागे ओढलंस."

"अगं, पक्षासाठी—"

"पक्ष!" नोरीन उभी राहिली. मांडीवरची पिशवी खाली पडली आणि लाकडी डाव फरशीवर खडखडत टेबलाखाली गेला. "त्या पेटीतली एक म्हातारी बसून बसून तीन जिने उतरलीय. पक्षासाठी नव्हे. तुम्ही बंद केलेल्या बससाठी. आणि तुम्ही मला म्हणता, टेडने जागा कमावलीय! टेडने काय कमावलंय? टेडला स्वतःच्या प्रभागाचा रस्ता त्याची बायको दाखवते!"

"हे बघ, मी काय केलं आता?" टेड म्हणाला.

"तू काहीच केलं नाहीस, टेड. तेच सांगतेय."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. डेस्मंडचा चेहरा पांढरा पडला होता. "नोरीन," तो हळू म्हणाला, "मी या गावाला अकरा वर्षं दिली. मला दुसरं काही नाही. तुला माहीत आहे."

माहीत होतं. हेच तर अवघड होतं. आणखी कुणी हे बोललं असतं तर ती तोडून बोलली असती. याच्या बायकोचे केस तिनेच कापले होते, इस्पितळातही, केस गळायला लागले तेव्हा. क्षणभर तिला वाटलं, खाली बसावं, हो म्हणावं, किटली लावावी. किती सोपं होतं ते. किती सरावाचं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मिलगेटच्या लोकांनाही काहीतरी माहीत असणार, डेस्मंड. ते तुझ्या शेजारी राहतात."

मग ती खोलीतून बाहेर पडली.

खालच्या मजल्यावर निवडणूक अधिकारी बाई कोट घालत होत्या. "सही करायचीय," नोरीन म्हणाली. बाईंनी कोट अर्धा काढून कागद पुढे ठेवला. नोरीनने पेन इतकं दाबलं की टोक कागदात रुतलं. रागाने दाबलं होतं, पण बाईंना ते कसं कळावं. त्या म्हणाल्या, "होतं असं पहिल्यांदा. सावकाश करा." सही वाकडीतिकडी आली. बाईंनी त्यावर आपली सही केली, आणि म्हणाल्या, "अभिनंदन, नगरसेविका ऑकरॉइड."

'अभिनंदन' हा शब्द तीन दिवसांत तिच्या बाजूच्या एकानेही उच्चारला नव्हता. नोरीनने मान हलवली आणि जिना चढायला लागली. दर पायरीला गुडघा कुरकुरत होता, आणि दर पायरीला तिला लो फोल्डचा जिना आठवत होता.

वर सगळे एकदम बोलत होते. ती दारात उभी राहिली.

"केली सही," ती म्हणाली.

ट्रेव्हरने डोळे मिटले. पुष्पगुच्छ अजून त्याच्या हातातच होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

"आता पुढचा विषय घ्या," नोरीन म्हणाली. "नेत्याची निवड. आणि नियम काय आहे, वेंडी? मतदानाच्या वेळी खोलीत कोण असतं?"

वेंडीने चष्मा नीट केला. "निवडून आलेले," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "फक्त निवडून आलेले."

कुणी काही बोललं नाही. आणि त्या खोलीत गप्प बसण्याचा अर्थ काय होतो ते डेस्मंडइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्यानेच तो लावला होता. तो एकेका चेहऱ्याकडे बघत गेला. मग उठला. कोट घ्यायला तो वळला तेव्हा मागून त्याचे केस कॉलरवर आलेले नोरीनला दिसले. तिला वाईट वाटलं. राग मात्र तिळभर कमी झाला नाही; दोन्ही एकत्र राहू शकतात हे तिला नवीनच कळत होतं.

"गुरुवारी ये दुकानात," ती म्हणाली. "असा फिरू नको गावात."

तो दारात थांबला. "हे चांगलं नाही केलंस," तो म्हणाला.

"नाही," नोरीन म्हणाली. "तूही नाही."

दार लागलं. ट्रेव्हरलाही जावं लागलं, कारण तोही निवडून आलेला नव्हता. पुष्पगुच्छ घेऊनच गेला. टेडने वाकून टेबलाखालून लाकडी डाव काढला आणि तो काय प्रकार आहे ते न कळून तिच्यापुढे धरला.

नेतेपदासाठी वेंडी एकटीच उभी राहिली. दुसरं नावच पुढे आलं नाही, कारण कुणी दुसरं नाव तयार करून आणलंच नव्हतं. सगळ्यांनी खिशात डेस्मंडचं आणलं होतं. "कुणाची हरकत?" वेंडीने सवयीने विचारलं आणि आपलंच नाव घ्यायचंय हे लक्षात येऊन गांगरली.

"माझी आहे," नोरीन म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"हरकत नाही, अट. सोळा नंबरची बस. लो फोल्डपर्यंत. पहिल्या सभेत ठराव आला पाहिजे. नाहीतर मी आत्ताही हात वर करणार नाही, आणि नंतरही कुठल्याच ठरावाला करणार नाही."

"नोरीन, अंदाजपत्रकात आता कुठून—"

"मी म्हाताऱ्या बाईला शब्द दिलाय."

"पण पक्षादेश निघाला तर तुला—"

"तर मला काढा," नोरीन म्हणाली. "पाच निवडणुका फुकट उभी राहिलेय मी तुमच्यासाठी. सहावीला स्वतःसाठी राहीन. लो फोल्डला पत्ता माहीत आहे माझा."

बाहेर चौकातून कुठलीशी बस गेली, टेकडीवरच्या वळणापर्यंतच जाणारी.

"लिहून घ्या," वेंडी शेजाऱ्याला म्हणाली. "पहिल्या सभेला. सोळा नंबर."

मग मतदान झालं. नोरीनने हात वर केला, तर्जनीचं टोक नसलेला, आणि मोजून होईपर्यंत तो वरच धरला. कुणीतरी आशेने किटलीकडे पाहिलं. नोरीनने डाव पिशवीत ठेवला, पिशवीची साखळी लावली, आणि बसून राहिली.